विश्लेषण : समुद्रातील फॉस्फरसची टंचाई एक विकर कसे उघड करते? ते मोजण्याच्या पद्धती एकसारख्या का नाहीत?

महासागरांच्या वरच्या थरांतील फॉस्फेट गेल्या सुमारे ५० वर्षांत घटत गेले, नायट्रेटमध्ये मात्र तशी घट नाही, असा निष्कर्ष कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांनी २०२५ मध्ये ‘पीएनएएस’ या शोधपत्रिकेत मांडला. ही घट दक्षिण गोलार्धात अधिक ठळक आहे. फॉस्फेट कमी पडू लागले की समुद्रातील सूक्ष्मजीव हातावर हात धरून बसत नाहीत. मृत पेशींच्या अवशेषांत अडकलेला फॉस्फरस ते एका विकराच्या मदतीने सोडवून घेतात आणि पुन्हा वापरतात. या विकराचा वेग किती, यावरून टंचाईचा अंदाज बांधता येतो. मात्र तो वेग मोजण्याची रीत प्रयोगशाळेगणिक बदलते. सागरी अन्नसाखळी आणि हवामान यांविषयीच्या अंदाजांत त्यामुळे कोणते प्रश्न निर्माण होतात, याचा हा आढावा.

फॉस्फरस इतका मोलाचा का?

डीएनए, पेशींचे ऊर्जाचलन मानला जाणारा एटीपी हा रेणू आणि पेशींचे आवरण या तिन्हींत फॉस्फरस असतो. त्याच्याविना एकही पेशी दुभंगून दोन होऊ शकत नाही. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा वाटा समुद्रातील सूक्ष्म वनस्पतीप्लवकांचा आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले की, समुद्रातील प्लवक आणि खोल पाण्यातील पोषकद्रव्ये यांच्यातील घटकांचे प्रमाण बरेचसे जुळते. पुढे हे प्रमाण कार्बन १०६, नायट्रोजन १६ आणि फॉस्फरस १ असे रूढ झाले. म्हणजे फॉस्फरस लागतो थोडाच, पण तो नसेल तर बाकीचे घटक असूनही उपयोग नाही.

नायट्रोजन कमी पडला तर काही सूक्ष्मजीव हवेतील नायट्रोजन वापरात आणू शकतात. फॉस्फरससाठी असा मार्ग जवळपास नाहीच. तो खडकांतून झिजून नद्यांबरोबर किंवा वाऱ्यावरील धुळीबरोबर समुद्रात येतो. किनाऱ्यापासून दूर, उघड्या समुद्रात ही आवक नगण्य असते. तेथील पृष्ठभागावरच्या जीवसृष्टीची मदार दोनच गोष्टींवर असते. खालच्या पोषक पाण्याचे वर येणे ही पहिली आणि हाताशी असलेल्या फॉस्फरसचा पुन:पुन्हा वापर ही दुसरी.

टंचाई नेमकी किती असते?

उत्तर अटलांटिकमधील सारगासो समुद्र हे याचे ठळक उदाहरण. बर्म्युडाजवळ १९८८ पासून एका ठरावीक जागी या समुद्राच्या नियमित नोंदी घेतल्या जातात. पश्चिमेकडील उत्तर अटलांटिकच्या पृष्ठभागावरील पाण्यात फॉस्फेटचे प्रमाण लिटरमागे एक नॅनोमोलपेक्षाही कमी असल्याचे २००० मध्ये ‘सायन्स’मधील शोधनिबंधात नोंदवले गेले. हे प्रमाण किती नगण्य आहे? घराच्या गच्चीवर असते तशी एक हजार लिटरची टाकी या पाण्याने भरली, तर तिच्यात फॉस्फेटच्या रूपातील फॉस्फरस सुमारे ३१ मायक्रोग्रॅम निघेल. तांदळाच्या एका दाण्याचे पाचशे भाग केले, तर त्यातल्या एका भागाइतकाही नाही.

त्याच पाण्यात मृत पेशी आणि स्रावांतून आलेला, विरघळलेल्या सेंद्रिय रूपातील फॉस्फरस याच्या कित्येक पट असतो. अडचण अशी की, तो मोठ्या रेणूंना जोडलेला असतो आणि बहुतेक सूक्ष्मजीवांना तो तसाच आत घेता येत नाही. तिजोरी भरलेली, पण कुलूपबंद अशी ही स्थिती असते. विकर हे त्या कुलपाची किल्ली ठरते.

फॉस्फेट नेमके मोजणेही सोपे नाही. मर्फी आणि रायली यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेली, पाण्याला निळा रंग आणणारी पद्धत आजही जगभर वापरली जाते. मात्र अतिशय कमी प्रमाणापुढे ती अपुरी पडते. त्यासाठी फॉस्फेट आधी मॅग्नेशियमच्या साक्यासोबत खाली बसवून गोळा करण्याची पद्धत १९९२ मध्ये पुढे आली. अशा संवेदनशील पद्धतींनी घेतलेल्या सुमारे ५० हजार नोंदी २०१९ मध्ये एकत्र करण्यात आल्या. तेव्हा फॉस्फेटची चणचण पूर्वीच्या नकाशांत दिसत होती त्याहून अधिक विस्तृत भागात असल्याचे स्पष्ट झाले.

हे विकर कोणते?

त्याचे नाव अल्कलाइन फॉस्फेटेज. यकृताच्या तपासणीच्या अहवालात ‘एएलपी’ म्हणून जो आकडा येतो, तो याच कुळातील विकराचा. डेअरीतही ते परिचयाचे आहे. कच्च्या दुधात असलेले हे विकर पाश्चरीकरणाच्या उष्णतेने निकामी होते. त्यामुळे तापवलेल्या दुधात ते सापडले तर प्रक्रिया नीट झाली नाही किंवा नंतर कच्चे दूध मिसळले गेले, असे समजतात.

समुद्रात हेच काम जिवाणू आणि प्लवक करतात. पेशीला फॉस्फेट कमी पडू लागल्याचे जाणवताच ठरावीक जनुके जागी होतात आणि विकराची निर्मिती वाढते. ते प्रामुख्याने पेशीच्या बाह्य आवरणालगत राहून सेंद्रिय रेणूपासून फॉस्फेट तोडते. सुटलेले फॉस्फेट पेशी आत घेते. फॉस्फेट मुबलक झाले की ही निर्मिती थांबते, कारण विकर बनवण्यासाठीही नायट्रोजन आणि ऊर्जा खर्च होते. म्हणूनच पाण्यात विकराची हालचाल जोरात असणे हे फॉस्फरसच्या उपासमारीचे लक्षण मानले जाते.

त्याचा वेग कसा मोजतात?

मूळ कल्पना साधी आहे. विकराला खरे अन्न न देता त्यासारखाच एक ‘बनावट’ रेणू द्यायचा. फॉस्फेट तुटले की त्या रेणूचा उरलेला भाग रंग किंवा चमक दाखवतो. दुधाच्या चाचणीत वापरला जाणारा पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट तुटल्यावर पिवळा रंग देतो. तो स्वस्त आणि सोपा, पण उघड्या समुद्रातील अतिमंद हालचाल टिपण्याइतका संवेदनशील नाही. सागरी पाण्यासाठी चमकणाऱ्या रेणूचा वापर मेरी जेन पेरी यांनी उत्तर पॅसिफिकमधील पाण्यावर केला आणि त्याचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. जर्मनीचे हान्स-जॉर्ज होप यांनी १९८३ मध्ये मेथिलअंबेलिफेरिल या गटातील रेणू प्रचारात आणले. आज बहुतेक जहाजांवर ‘एमयूएफ-पी’ या नावाने तेच वापरले जातात. फॉस्फेट सुटले की त्यातील ‘एमयूएफ’ अतिनील प्रकाशात निळसर चमकतो.

प्रत्यक्षात समुद्राचे पाणी बाटलीत घेऊन त्यात ठरावीक प्रमाणात हा रेणू मिसळतात. बाटली अंधारात, समुद्राच्याच तापमानाला ठेवतात आणि दर काही वेळाने चमक मोजतात. ज्ञात प्रमाणातील ‘एमयूएफ’शी तुलना करून लिटरमागे तासाला किती नॅनोमोल फॉस्फेट सुटले, असा आकडा काढतात. हा रेणू विकराशिवायही थोडाफार आपोआप तुटतो. त्यामुळे उकळून निर्जीव केलेल्या पाण्याची बाटली शेजारी ठेवून तिचा आकडा वजा करावा लागतो. एकूण पाण्याऐवजी नेमकी कोणती पेशी भुकेली आहे हे पाहायचे असेल, तर ‘ईएलएफ-९७’ नावाचा रेणू वापरतात. तो तुटल्यावर न विरघळता पेशीवरच साचतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पिवळसर हिरवा चमकतो.

मग आकडे जुळत नाहीत, ते का?

पहिले कारण म्हणजे मिसळलेल्या रेणूचे प्रमाण. रेणू जितका जास्त, तितका विकराचा वेग वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यानंतर विकराची क्षमताच संपते. समजा, एका नमुन्यात २०० नॅनोमोलला विकर निम्म्या वेगाने चालते. प्रयोगात १००० नॅनोमोल रेणू मिसळला तर ते कमाल वेगाच्या ८३ टक्क्यांपर्यंत पोहोचते. समुद्रात मात्र तोडता येण्याजोगे रेणू २० नॅनोमोलच असतील, तर खरा वेग जेमतेम ९ टक्के असेल. म्हणजे प्रयोगशाळेतील आकडा प्रत्यक्षापेक्षा सुमारे नऊपट. तो चूक नाही, पण तो ‘क्षमता’ सांगतो, ‘प्रत्यक्ष काम’ नाही. एका गटाने जास्त रेणू मिसळून क्षमता मोजली आणि दुसऱ्याने कमी रेणू मिसळून प्रत्यक्षाच्या जवळचा वेग मोजला, तर दोन्ही आकडे एकाच नकाशावर शेजारी ठेवणे दिशाभूल करणारे ठरते.

दुसरे कारण आम्लता आणि तापमान. नावाप्रमाणेच हे विकर अल्कधर्मी द्रवात अधिक वेगाने चालते. काही प्रयोगशाळा पाण्याचा सामू वाढवून मोजतात, काही समुद्राचा नैसर्गिक सामू कायम ठेवतात. ‘एमयूएफ’ची चमकही सामूवर अवलंबून असते. त्यामुळे शेवटी अल्कधर्मी द्रावण घातले की नाही, यावर वाचन बदलते. तिसरे कारण गाळण्याचे. ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून पेशी अडकतात, पण पेशी मेल्यावर पाण्यात सुटलेले विकर पार जाते आणि पुढेही काम करत राहते. ते मोजायचे की वगळायचे, याचे उत्तर प्रत्येक गटाचे निराळे असते. जहाजाच्या लोखंडातून किंवा उपकरणांतून पाण्यात आलेला धातूचा अंशही निकाल फिरवू शकतो.

आकडा मोठा म्हणजे टंचाई मोठी, असे समजता येते का?

नेहमीच नाही, आणि याचा पुरावा भारताच्या जवळच मिळाला. होप आणि उलरिच यांनी हिंदी महासागरातील, अरबी समुद्रासह, पाण्याची खोलीनुसार तपासणी करून १९९९ मध्ये निष्कर्ष मांडले. खोल पाण्यात फॉस्फेट भरपूर असते. म्हणजे विकर तेथे मंदावायला हवे होते. प्रत्यक्षात काहीशे मीटर खोलीवर त्याची हालचाल वाढलेली आढळली. त्याचे एक स्पष्टीकरण असे की, तेथील जिवाणूंना फॉस्फरसऐवजी कार्बन हवा असतो. सेंद्रिय रेणूचा फॉस्फेटचा तुकडा तोडला की उरलेला कार्बनयुक्त भाग त्यांना खाता येतो. थोडक्यात, आकडा तोच, पण भूक वेगळी.

उलट परिस्थितीही असते. फॉस्फरसची टंचाई तीव्र असूनही विकर मंद राहू शकते, कारण ते चालवायला धातू लागतो. ‘फो-ए’ प्रकारच्या विकराला जस्त, तर समुद्रात अधिक आढळणाऱ्या ‘फो-एक्स’ आणि ‘फो-डी’ या प्रकारांना लोह लागते. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पश्चिम उत्तर अटलांटिकच्या पाण्यात लोह मिसळताच विकराची हालचाल वाढली. पूर्वेकडे, सहारा वाळवंटाची लोहयुक्त धूळ जेथे नेहमी पडते, तेथे मात्र धातूंची अशी कमतरता दिसली नाही. तेथून हजारो किलोमीटर पश्चिमेकडील जिवाणूंना फॉस्फरस मिळणार की नाही, हे वाळवंटातील धूळ किती दूर पोहोचते यावरही ठरते, असा याचा अर्थ.

हवामान अंदाजांशी याचा संबंध काय?

समुद्राचे वरचे पाणी तापले की ते हलके होते आणि खालच्या थंड, पोषक पाण्यात मिसळेनासे होते. वरच्या २०० मीटरमधील ही थरबद्धता १९७० ते २०१८ या काळात सुमारे ४.९ टक्क्यांनी वाढल्याचे ‘आयपीसीसी’च्या सहाव्या अहवालात नमूद आहे. खालून येणारे फॉस्फेट घटले, तर प्लवकांची वाढ, त्यांवर जगणारे मासे आणि समुद्रात खोल गाडला जाणारा कार्बन हे सारे घटणार, असा सरळ हिशेब मांडता येतो. पण सूक्ष्मजीव पुनर्वापर वाढवत असतील आणि काटकसर करत असतील, तर घट अपेक्षेपेक्षा कमी राहील. काटकसरीचा पुरावा आहे. सारगासो समुद्रातील काही प्लवक पेशींच्या आवरणात फॉस्फरसऐवजी गंधकयुक्त स्निग्ध पदार्थ वापरतात, असे २००९ मध्ये ‘नेचर’मधील शोधनिबंधाने दाखवले.

पुनर्वापराला दुसरी बाजूही आहे. फॉस्फेटच्या अभावी काही सूक्ष्मजीव मेथिलफॉस्फोनेट हा रेणू दुसऱ्या एका विकरसमूहाने फोडतात. त्यातून फॉस्फरस मिळतो, पण मिथेन हा हरितगृह वायूही सुटतो, असे २००८ मध्ये मांडले गेले. हवामानाच्या प्रतिमानांत पुनर्वापराचा वेग एक आकडा म्हणून घालावा लागतो. तो क्षमतेचा घातला की प्रत्यक्षाचा, यावर शतकाअखेरचे चित्र बदलू शकते.

भूमध्य समुद्राने तर साध्या गणिताला चकवाच दिला. पूर्वेकडील भूमध्य समुद्र फॉस्फरसच्या टंचाईसाठी ओळखला जातो. सायप्रसच्या दक्षिणेस २००२ मध्ये संशोधकांनी प्रत्यक्ष समुद्रात फॉस्फेट मिसळून पाहिले. प्लवक वाढून पाणी हिरवे होईल ही अपेक्षा होती. घडले उलटे. हरितद्रव्य घटले, तर जिवाणूंची वाढ आणि प्राणीप्लवकांची अंडी वाढली.

भारतीय समुद्रांत काय स्थिती आहे?

अरबी समुद्राची गोष्ट सारगासोपेक्षा निराळी आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे त्याच्या पश्चिम भागात आणि भारताच्या नैऋत्य किनाऱ्यालगत खालचे पोषक पाणी वर येते. मधल्या खोलीवरील पाण्यात प्राणवायू इतका कमी असतो की, तेथील जिवाणू नायट्रेट वापरून त्याचा नायट्रोजन वायू करतात. परिणामी नायट्रोजनच्या तुलनेत फॉस्फरस शिल्लक राहतो. बंगालच्या उपसागरात नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर वर पसरतो आणि मिसळण रोखतो. त्यामुळे एका समुद्रात मिळालेल्या विकराच्या आकड्याचा अर्थ दुसऱ्या समुद्रात जसाच्या तसा लावता येत नाही.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला या विषयाचा थेट धागा आहे तो ट्रायकोडेस्मियमचा. फेब्रुवारी ते मे या काळात, वारे पडलेले आणि पाणी तापलेले असताना, लाकडाच्या भुशासारखे पट्टे समुद्रावर तरंगताना दिसतात. हे सूक्ष्मजीव हवेतील नायट्रोजन स्वत: मिळवतात. त्यामुळे त्यांची अडचण होते ती फॉस्फरस आणि लोहाची. गोव्याच्या दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच या पट्ट्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला होता. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने २००९ मध्ये जर्मनीसह दक्षिण महासागरात ‘लोहाफेक्स’ हा लोह मिसळण्याचा प्रयोगही केला. प्लवक वाढले, पण सिलिकाची कमतरता असल्याने डायटम वाढले नाहीत. जे वाढले ते प्राणीप्लवकांनी फस्त केले आणि खोल पाण्यात फारच थोडा कार्बन गेला. समुद्रात कोणता घटक कमी आहे हे नीट न कळता त्यावर उपाय योजण्याची मर्यादा त्यातून दिसली.

पुढे काय करता येईल?

सर्वांनी एकच पद्धत वापरावी, हा वरवर सोपा वाटणारा उपाय आहे. पण सारगासोसाठी योग्य असलेले रेणूचे प्रमाण पोषक किनारी पाण्यासाठी योग्य असेलच असे नाही. त्याऐवजी प्रत्येक आकड्यासोबत त्याची कुंडली देणे अधिक व्यवहार्य आहे. त्यात रेणूचे प्रमाण, तापमान, सामू, बाटली किती तास ठेवली, निर्जीव पाण्याचा आकडा किती आला आणि गाळणी कोणती वापरली, याची नोंद हवी. एकाच प्रमाणाऐवजी चार-सहा वेगवेगळ्या प्रमाणांत मोजले, तर क्षमता आणि प्रत्यक्ष वेग दोन्ही काढता येतात. एकाच पाण्याचे नमुने वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मोजून फरक तपासणे हाही मार्ग आहे. कार्बन आणि पोषकद्रव्यांच्या मोजणीत प्रमाणित नमुन्यांमुळे जगभरचे आकडे एका रांगेत आले. विकरांसाठी ते अवघड आहे, कारण जिवंत पाणी डबाबंद करून पाठवता येत नाही.

उपग्रह समुद्राचा हिरवेपणा पाहतात, विकर पाहू शकत नाहीत. ते पाण्याच्या बाटलीतच मोजावे लागते. फॉस्फेट घटत असल्याचे संकेत मिळत असताना सूक्ष्मजीव ती तूट कितपत भरून काढतात, याचे उत्तर या बाटल्यांत आहे. ते ऐकायचे तर प्रत्येक बाटली कोणत्या मापाने मोजली, हे आधी कळायला हवे.